एकशे सोळा किलो

महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा कपडे अंगात घालण्याआधी त्यांचं वजन करायचे. आई पीठ मोजायची तो स्वयंपाकघरातला छोटा काटा जेवणाच्या टेबलावर यायचा. त्यावर एकेक करून सदरा, पँट, पट्टा, बूट, किल्ल्या, पाकीट आणि शेवटी चष्मा. चष्मा काट्यावर गेला की आकडा दिसायचा नाही, म्हणून तो आईला वाचावा लागायचा.

“अठ्ठावीस,” आई म्हणायची.

“अठ्ठावीस काय? किलो?”

“ग्रॅम. आणि आटपा आता, उघड्या अंगाने किती वेळ बसणार आहात?”

मग कपडे घालून, मुलीच्या खांद्याचा आधार घेत ते दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात जायचे. तिथल्या मोठ्या काट्यावर उभे राहायचे. नर्स आकडा तिच्या वहीत लिहायची. बाबा त्या आकड्यातून कपड्यांचं वजन वजा करायचे आणि उरेल ते विमा कंपनीच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने, सुबक अक्षरात लिहायचे.

त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. भंगार लोखंडाच्या यार्डात फाटकाशी जो ट्रक तोलायचा काटा होता, त्याच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. भरलेली गाडी तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची, आणि फरक चिठ्ठीवर लिहायचा. तोच खरा माल, बाकी सगळी गाडी. ड्रायव्हर गप्पा मारायला लागले की ते म्हणायचे, “ते राहू दे, निव्वळ किती ते बोल.” त्यावरून सगळं यार्ड त्यांना निव्वळकाका म्हणायचं. वजन फुगवायला पाण्याच्या टाक्या भरून आणणारे, सीटखाली दगड ठेवणारे, क्लीनरला गाडीतच झोपवणारे, सगळे त्यांनी पकडले होते. एकतीस वर्षांत एक चिठ्ठी खोटी गेली नाही, हे ते जेवताना सांगायचे. आई म्हणायची, “कळलं, भाजी घ्या.”

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांना एक भिंग दाखवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, आधीचं चांगलं की हे? तिचं लग्न टिकलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ती माहेरी परत आली, आणि त्या विषयावर घरात कुणी काही बोलायचं नाही असं न ठरवताच ठरून गेलं. बाबांनी फक्त तिच्या खोलीतला दिवा बदलून दिला होता, वाचायला उजेड कमी पडतो म्हणून.

बाबांचं दुखणं पोटाचं होतं. पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनची जागा सैल पडली होती आणि तिथून आतडं कातडीखाली येऊन बसलं होतं. पहिल्यांदा लिंबाएवढं, मग मुठीएवढं, आणि आता सदऱ्यातून दिसण्याएवढं. हर्निया. रुंद पट्टा बांधून ते चालायचे, पण वाकता येत नव्हतं आणि जिना चढता येत नव्हता. चालणं कमी झालं तसं वजन वाढलं, आणि वजन वाढलं तसा हर्निया.

सर्जन तरुण होता. त्याने आडपडदा ठेवला नाही. “काका, शंभराच्या खाली या, मग मी हात लावतो. या वजनावर टाके धरायचे नाहीत. आणि भूल दिल्यावर तुम्ही उठालच, हे मी सांगू शकत नाही.”

“आणि नाही केलं ऑपरेशन तर?” मुलीने विचारलं.

“आतडं अडकलं नाही तर वर्षानुवर्षं काही होणार नाही. अडकलं, तर त्याच दिवशी उघडावं लागेल. मग वजन किती आहे हे विचारायला वेळ नसतो.”

बाबांनी मान डोलावली. गाडी काट्यावर नीट उभी नसली की डोलवायचे तशी.

आहार करून झाला होता. एक वेळचं जेवण सोडून झालं होतं. पाच किलो उतरायचे आणि सात चढायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीच मग इंजेक्शनचं काढलं. आठवड्यातून एक, भूक मारतं, वर्षभरात पंधरा-वीस किलो सहज उतरतात. ते विकत घेणं त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं, एवढं म्हटलं की पुरे. पण बाबांचा नोकरीपासूनचा विमा होता, आणि विमा कंपनी हे औषध देत होती. अट एकच. बाबांच्या उंचीच्या माणसाचं वजन एकशे सोळा किलो किंवा त्याहून जास्त हवं, तेही सलग सहा महिने. आणि त्या सहा महिन्यांत वजन उतरवायचा प्रामाणिक प्रयत्न केल्याची नोंद हवी.

बाबांनी अट दोनदा वाचली. “म्हणजे प्रयत्न तर करायचा, पण जमता कामा नये. असली नोकरी मी पहिल्यांदाच बघतोय.”

“जमणार नाही याची काळजी नको,” आई म्हणाली. “परवा पाव कुणी संपवला ते मला माहीत आहे.”

सहा महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी न वाचता शिक्का मारला, कारण बाहेर वीस पेशंट बसले होते. फॉर्म गेला. तीन आठवड्यांनी नकार आला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यात वजन एकशे सोळाच्या खाली आहे, सबब औषध देता येत नाही.

मुलीला वाटलं, काहीतरी गोंधळ आहे. काट्यावर ती दर वेळी शेजारी उभी होती. एकशे सतराच्या खाली आकडा एकदाही गेला नव्हता. तिने फॉर्मची प्रत काढली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. एकशे पंधरा किलो तीनशे. एकशे पंधरा किलो सातशे चाळीस.

“बाबा, हे काय आहे?”

“निव्वळ.”

“कपडे वजा केलेत?”

“मग? कपड्यांना औषध द्यायचंय का?”

“अहो, सगळी दुनिया कपडे घालूनच वजन करते!”

“करत असेल. फॉर्मवर काय विचारलंय? विमाधारकाचं वजन. पट्ट्याचं नाही विचारलं.”

दोन किलोला जरा कमी. बूट, पट्टा, किल्ल्या, पाकीट, सदरा, पँट, चष्मा. ती हसायला लागली, आणि मग हसणं थांबवायला तिला मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

विमा कंपनीला ती दुकानातून फोन करायची, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, भिंगांच्या कपाटामागे उभी राहून. पलीकडे बहुतेक वेळा एकच बाई असायच्या. आवाज मऊ, घाई अजिबात नाही. तिने दवाखान्याच्या वहीची गोष्ट सांगितली. नर्सच्या नोंदी आहेत, शिक्क्यानिशी पाठवते, म्हणाली.

“मॅडम, मला समजतंय,” बाई म्हणाल्या. “पण विमाधारकाने स्वतः सही करून लिहून दिलेलं आम्ही अंतिम धरतो. दवाखान्याची वही पूरक कागद म्हणून चालते, ती सहीच्या वर जात नाही.”

“पण कपड्यांसकट लिहायचं की कपड्यांशिवाय, हे फॉर्मवर कुठे आहे?”

बाईंनी पानं चाळल्याचा आवाज आला. “नाहीये. खरंच नाहीये. आजवर कुणी विचारलं नाही. तुम्ही आता असं करा, नव्याने सहा महिने भरा.”

“सहा महिने?”

“आणि बाबांना सांगा ना, नेहमीसारखं वजन करा म्हणून.”

ते सांगणं बाईंना सोपं होतं. घरी बाबा ऐकेनात. मुलीने समजावून पाहिलं, आईने ओरडून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तर हळूच सुचवलं, की त्या दिवशी सकाळी दोन तांबे पाणी पिऊन या. ते ऐकून बाबा इतके खूश झाले की पट्टा धरून हसले. “टाकी भरून आणा म्हणतात! अहो बाई, टाकी भरून आणणाऱ्यांना मी उन्हात दोन-दोन तास बाजूला उभं करायचो.”

“बाबा, इथे तुमचं आतडं अडकायची वेळ आली आहे,” मुलगी रस्त्यात म्हणाली. “तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

“मग दोन किलो जास्त लिहिलेत तर कुणाचं काय जाणार आहे?”

ते थांबले. श्वास लागला होता म्हणूनही थांबले असतील. “कुणाचं काही जाणार नाही,” ते म्हणाले. “यार्डातही कुणाचं काही गेलं नसतं. मालक गबर होता. पण मला विचारलं तर मी काय सांगू? मला जे माहीत आहे तेच सांगणार ना? मला निव्वळ माहीत आहे.”

हा काही बाणेदारपणाचा आव नव्हता. तसं असतं तर तिला भांडता आलं असतं.

मग तिने स्वतःच ठरवलं. फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त सही करा, म्हणाली. तुमचा हात हल्ली थरथरतो. ते खरंही होतं. दर महिन्याला दवाखान्यातून आल्यावर ती वहीतला आकडा, जसाच्या तसा, फॉर्मवर उतरवायची. एकशे सतरा दोनशे. एकशे सतरा सहाशे. यात एकही आकडा खोटा नव्हता, आणि हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची. बाबांनी विचारलं, वजाबाकी केलीस ना, तर ती म्हणायची, हो.

सहावा महिना भरला तेव्हा खाली सही हवी होती. त्या दिवशी सकाळी तिने बाबांच्या चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणून चष्मा काढून घेतला. दुकानात घेऊन जाते, संध्याकाळी आणते. आणि निघता निघता फॉर्म पुढे केला. “इथे.” तिने त्यांचं बोट ओळीवर नेऊन ठेवलं. बाबांनी सही केली. स्क्रू घट्टच होता. दुकानात तिने तो काढला आणि पुन्हा बसवला, निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून.

दोन आठवड्यांनी बाईंचा आपण होऊन फोन आला. कागद नीट आहेत, वरिष्ठांची सही राहिली आहे, महिनाअखेरीस पत्र येईल. त्या रात्री मुलगी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

पत्र यायच्या आधी पोच आली. कंपनीचा रिवाज होता, भरलेल्या फॉर्मची एक प्रत विमाधारकाला टपालाने पाठवायची. मुलगी दुकानात होती. आईने पाकीट फोडलं आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा प्रत टेबलावर, काट्याशेजारी होती.

“हे आकडे कुठले?” बाबांनी विचारलं.

“दवाखान्याच्या वहीतले.”

“म्हणजे भरलेल्या गाडीचे.”

“तुम्ही गाडी नाही आहात, बाबा.”

“खाली सही माझी आहे.”

आईने चहा आणून ठेवला आणि तीही उभी राहिली. बाबांनी प्रत सरळ केली, कडा टेबलाच्या कडेला लावली. ते रागावलेले दिसत नव्हते. दमल्यासारखे दिसत होते, आणि तिच्याकडे बघायला त्यांना संकोच वाटत होता. तिला तेच सोसेना.

“बस,” ते म्हणाले. “घाबरू नकोस. मी निस्तरलंय ते.”

“काय निस्तरलंय?”

“फोन केला दुपारी. हिने नंबर लावून दिला. एक बाई होत्या, फार सज्जन. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. भरलेलं किती, रिकामं किती, निव्वळ किती. त्यांनी सगळं लिहून घेतलं. अर्धा तास बोलत होतो.”

“चाळीस मिनिटं,” आई कौतुकाने म्हणाली. “तब्येतीचंही विचारत होत्या.”

मुलीने खुर्चीची पाठ धरली. “काय सांगितलंत नेमकं?”

“सांगितलं, की आकडे लिहिताना माझी चूक झाली.” त्यांनी आवाज खाली आणला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, जरी आई दोन हातांवर उभी होती. “तुझं नाव नाही घेतलं. उगाच तुझ्यावर काही यायला नको. म्हटलं, सही माझी, चूकही माझी.”

पत्र आठ दिवसांनी आलं. या वेळी पाकीट मुलीने फोडलं, जिन्यात, उभ्या उभ्याच. विमाधारकाने स्वतः दूरध्वनीवर मान्य केल्यानुसार अर्जात वजन वाढवून लिहिण्यात आले आहे. चुकीची माहिती दिल्याच्या कलमाखाली प्रकरण बंद करण्यात येत असून बारा महिने या औषधासाठी नवा अर्ज घेतला जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगांच्या कपाटामागून तिने बाईंना फोनवर सगळं सांगून टाकलं. आकडे मी लिहिले, चष्मा मी काढून घेतला, ते मला वाचवायला बोलले. हे लिहून देते, म्हणाली. वाटेल त्या कागदावर सही करते.

“मॅडम, ते बोलणं रेकॉर्ड झालंय. त्यांनी तीनदा सांगितलं, चूक माझी. मी त्यांना तीनदा विचारलं होतं.”

“का विचारलंत तीनदा?”

“विचारावं लागतं,” बाई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ होता. “आणि तुम्ही आता जे सांगताय ते मी नोंदवलं तर तुमच्यावर वेगळी केस होईल. मी ते ऐकलेलं नाही. बरं का?”

बाहेर एक म्हातारे गृहस्थ हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसले होते. तिने जाऊन भिंग फिरवलं. आधीचं चांगलं की हे? “दोन्ही सारखीच,” ते म्हणाले.

घरी तिने एवढंच सांगितलं, की वर्षभर थांबायला लागेल, रांग आहे. फोनचं बोलली नाही.

“रांग असेल तर थांबायचं,” बाबा म्हणाले. “मधे घुसणारी माणसं मला कधी आवडली नाहीत.”

ते खरोखरच थांबले. दर पहिल्या तारखेला कपड्यांचं वजन करत राहिले, कुणी विचारलेलं नसताना. चालणं मात्र आटत गेलं, आधी दवाखान्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग दारापर्यंत. झोपताना पट्टा काढला की पोटाचा तो भाग कुशीवर कलंडायचा आणि ते त्याला हाताने आधार द्यायचे, झोपेतसुद्धा. मुलगी पाणी प्यायला उठली की दाराच्या फटीतून तो हात बघायची. सर्जनकडे ती एकटी जाऊन आली. आहे त्या वजनावर कराल का, विचारलं. तो म्हणाला, “तुम्ही सही द्याल. पण टेबलावर माझ्यासमोर ते असतील.” तिला त्याचा राग आला नाही. कुणाचाच नीट राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. चूक ह्याची म्हणावं असं एकही माणूस सापडत नव्हतं, आणि शोधत गेलं की शेवटी टेबलाशी चष्मा काढून घेणारी ती स्वतःच उभी असायची.

सातव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, बाबा खुर्चीतून उठता उठता थांबले. “काहीतरी अडकलंय गं,” ते म्हणाले, सदऱ्याचं बटण अडकावं तितक्या साधेपणाने. दुपारपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या. संध्याकाळी सर्जनने उघडलं. हातभर आतडं काळं पडलं होतं. ते काढलं, जोडलं. टाके धरले, पण फुप्फुसांनी साथ दिली नाही. अतिदक्षता विभागात ते चार दिवस यंत्रावर होते. पाचव्या दिवशी पहाटे सर्जन बाहेर आला आणि बाकावर तिच्या शेजारी बसला. त्याने काही सांगायच्या आधीच आईने त्याला विचारलं, “चहा घेतलात का तुम्ही?”

इस्पितळाचे कागद विमा कंपनीकडे गेले. दहा दिवसांत उत्तर आलं. एकच पान होतं. ऑपरेशन, अतिदक्षता विभाग, यंत्र, रक्त, औषधं, सगळं मंजूर. कसली शंका नाही, कुठला जास्तीचा पुरावा मागितलेला नाही, वजनाचा उल्लेख नाही. खाली जी रक्कम होती तिच्यात ते इंजेक्शन किती वर्षं मिळालं असतं, हे मुलीला बोटांवर न मोजताही दिसलं. तिने पत्र घडी करून पाकिटात घातलं, पण आईने हात पुढे केला.

आई टेबलाशी बसून सावकाश वाचत होती, ओठ हलवत.

“सगळं दिलं?”

“सगळं.”

“काही कापलं नाही?”

“नाही.”

आईने पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “ह्यांनी त्या दिवशी फोन केला ना, त्याचं आहे हे. त्या बाईंना कळलं असणार, माणूस कसा आहे ते. तू मात्र उगाच तोंड पाडून बसली होतीस आठ दिवस.”

“हो,” मुलगी म्हणाली.

“ह्यांना तो नंबर लावता येईना. सारखा चुकायचे. शेवटी मीच लावून दिला.” आईने पत्राची घडी पुन्हा घातली, होती तशी. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरासा सैल झाला होता. “तेवढं तरी माझ्या हातून झालं.”

खिडकीखालून कुणीतरी सायकलला टाळं लावून गेलं.

“त्यांना कळवायला हवं गं,” आई म्हणाली. “त्या बाईंना. तब्येतीचं विचारत होत्या. नंबर तिथेच असेल, वहीत.”

“मी कळवते,” मुलगी म्हणाली, आणि आई वही आणायला उठेल म्हणून तिच्याआधी उठली.